ओल्या पायाचा जावई

सेइजी त्सुबोईला सहलीला बरोबर न्यायचं की घरी ठेवायचं, यावर त्याच्या घरात बैठक झाली आणि ती निदान त्याच्या देखत झाली. एवढाच काय तो मान. बैठकीला तीन बायका होत्या : बायको तोमोए, कॉलेजात जाणारी मुलगी हिनाको आणि सासूबाई किनुयो. सेइजी तिथंच बसून संत्रं सोलत होता आणि त्याच्याविषयी बोलणं असं चाललं होतं, जणू तो जिन्याखालची गळकी बादली आहे.

"बाबा आले की पाऊस येणार," हिनाको म्हणाली. "यात भावनेचा प्रश्न नाही. अनुभवाचा आहे."

"अगं, पण तुझे बाबा आहेत ते," तोमोए म्हणाली. मग थोडा विचार करून म्हणाली, "येणार हे खरंच आहे म्हणा."

किनुयोबाईंनी मान लववून जावयाच्या पुढे चहाचा पेला सरकवला.

प्रत्येक खानदानात, प्रत्येक कचेरीत एखादा पावसाचा माणूस असतो. तो मजेसाठी घराबाहेर पडला की आभाळ भरून येतं. कामासाठी पडला तर काही नाही. औषधाच्या दुकानात, मयताला, दात काढायला तो खुशाल जाऊ शकतो. पण डबा बांधून निघाला की संपलं. एखाद्याला हा शिक्का कधी बसतो ते कळत नाही आणि एकदा बसला की घासून निघत नाही. सेइजीला तो लग्नाच्या दिवशी बसला. त्या दिवशी वादळ आलं होतं. आता हे वादळ अर्ध्या देशावर आलं होतं आणि त्या दिवशी अर्ध्या देशात आणखीही नवरदेव असतील, पण मिनेउरा गावातल्या लोकांना त्यांच्याशी काय कर्तव्य?

आणि खरा अन्याय पुढेच आहे. मिनेउरा आहे पश्चिम किनाऱ्यावर. तिथं शरद ऋतू लागला की समुद्रावरून ढग येतात ते वसंतापर्यंत मुक्काम ठोकतात. 'डबा विसर, पण छत्री विसरू नको' अशी तिथली म्हण आहे, आणि ती सेइजीच्या जन्माआधी दोन-तीनशे वर्षांपासून आहे. अशा गावात पावसाचं खापर एका माणसाच्या डोक्यावर फोडायचं म्हणजे समुद्र खारट झाला म्हणून एखाद्या वाण्याला धरण्यासारखं आहे. पण सेइजी हे कुणाला सांगणार? सांगितलं की लोक हसायचे आणि हसता हसता आभाळाकडे बघायचे. जिथं लोक पावसाची वाट बघत डोळे लावून बसतात अशा एखाद्या मुलखात तो जन्मला असता, तर त्याला पालखीत बसवून शेतोशेती फिरवला असता. नशीब म्हणतात ते हेच.

त्यातून तो घरजावई. त्सुबोईंना मुलगा नव्हता म्हणून लग्नात त्यानं आपलं आडनाव सोडून त्यांचं घेतलं. त्याला पंचवीस-सव्वीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत किनुयोबाई त्याला एकदाही रागावल्या नव्हत्या. आता कुणी म्हणेल, मग बिघडलं कुठं? बिघडलं असं की बाई बाकी सगळ्यांना रागवायच्या. मुलीला, नातीला, मांजराला, भाताच्या कुकरला. रोज सकाळी देव्हाऱ्यापुढे बसून कैलासवासी नवऱ्याच्या फोटोलासुद्धा दोन शब्द सुनवायच्या. सेइजी समोर आला की मात्र आवाज मऊ व्हायचा, मान लवायची. "सेइजीराव, तुम्ही उगाच त्रास घेतलात." "सेइजीराव, तुमचं बरोबरच असेल." एकदा त्यानं त्यांच्या लग्नातला पेला फोडला, तेव्हासुद्धा त्या म्हणाल्या, "तुमच्या हाताला लागलं नाही ना?" सेइजी त्या रात्री झोपला नाही. पाहुण्याला कोण रागावतं? आणि पंचवीस वर्षं पाहुणा म्हणून राहायचं म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच ठाऊक.

म्हणून ही सहल त्याच्या मनाला लागली होती. किनुयोबाईंचे डोळे अधू होत चालले होते. डॉक्टरांनी त्याच महिन्यात सांगितलं होतं की पुढच्या शरदात त्यांना लाल आणि तपकिरी यांतला फरक कळेल याचा भरवसा नाही. त्यावर त्यांनी जन्मात पहिल्यांदा काहीतरी मागितलं. डोंगरातल्या रेनगाकु देवळाच्या आवारातला मेपल त्यांना बघायचा होता, पानं लाल असताना. त्या झाडाखालीच त्यांच्या नवऱ्यानं त्यांना लग्नासाठी पहिल्यांदा पाहिलं होतं. "त्यांनी मला पाहिलं, मी झाड पाहिलं," त्या म्हणायच्या. "वर मान करून त्यांच्याकडे बघायची लाज वाटत होती, पण झाडाकडे बघायला काय हरकत?" सेइजीनं ठरवलं की हे झाड आपण आपल्या हातानं त्यांना दाखवायचं, लखलखीत उन्हात. मग कदाचित काहीतरी बदलेल. काय बदलेल ते त्याला नीट सांगता आलं नसतं.

पण चांगलं काम करायला निघालं की गाव मदतीला धावतं, आणि तिथंच ते बुडतं. दुसऱ्याच दिवशी मोहल्ला मंडळाचे अध्यक्ष ओकुनो दारात उभे.

"त्सुबोईसाहेब, पानं बघायला निघालात असं ऐकलं. छान, छान. कोणत्या दिवशी?"

"अजून ठरलं नाही. का हो?"

"काही नाही हो, सहज. आमच्या हिनं मुळे वाळत घातलेत. समोरच्यांनी पर्सिमनची फळं सुकायला टांगलीत. गल्लीतल्या गाद्या उन्हात घालायच्यात. तुमचा दिवस कळला की बाकीच्यांना आपापलं बघता येईल."

"ओकुनोसाहेब, मी पाऊस पाडत नाही."

"छे छे, असं कोण म्हणतं?" ओकुनोंना फार वाईट वाटलं. "असं म्हणणाऱ्याला मी सोडायचा नाही. पण दिवस कोणता?"

संध्याकाळी गल्लीची फिरती पाटी घरोघरून त्सुबोईंच्या दारात आली. कचऱ्याच्या वेळा आणि हरवलेल्या मांजराची खबर यांच्यामध्ये लिहिलं होतं : 'त्सुबोई कुटुंब लवकरच पानं बघायला जात आहे. ज्यांनी मुळे वाळत घातले आहेत त्यांनी नोंद घ्यावी.' खाली वाचल्याचे शिक्के. सेइजीच्या स्वतःच्या घराचाही शिक्का त्यावर मारावा लागला, कारण तसा नियम होता. त्यानं तो सरळ मारला. माणसाचा अपमान झाला म्हणून शिक्का वाकडा मारायचं कारण नाही.

कचेरीतही तेच. सेइजी गावच्या पाणीपुरवठा खात्यात तक्रारीच्या खिडकीवर बसायचा. पावसाच्या माणसाला पाण्याच्या खात्यात नेमलं, यावर पंचवीस वर्षं लोक हसत होते. एका उन्हाळ्यात तलाव तळाला गेला, तेव्हा विभागप्रमुख कुरिहारांनी त्याला डबा देऊन धरणावर दिवसभर सहलीला पाठवलं होतं. वर हजेरीपटावर 'कामानिमित्त' लिहिलं. एक थेंब पडला नाही. तर कुरिहारा म्हणाले, "कामानिमित्त लिहिलं तिथंच चुकलं." म्हणजे पडला तरी सेइजीमुळे, न पडला तरी सेइजीमुळे.

आता त्याच कुरिहारांनी रजेचा अर्ज दोन बोटांत धरला. "शनिवारी आपल्या खात्याची सहल आहे हे विसरलात का?"

"मी गुरुवारची रजा मागतोय, साहेब."

"हो, पण पाऊस आला की दोन-दोन दिवस हलत नाही. सोमवार बघा ना."

"सोमवारपर्यंत पानं गळतील."

"गळतील," कुरिहारांनी कबूल केलं आणि खिडकीबाहेर खिन्नपणे पाहिलं. "बरं, गुरुवारी जा. पण कारण बदला. 'पानं बघायला' असं लेखी नको. 'घरगुती अडचण' लिहा."

सेइजीनं लिहिलं. मनात म्हणाला, हेच खरं कारण आहे.

बुधवारी रात्रीच्या जेवणावर शेवटची बैठक बसली. ओकुनोंनी निरोप पाठवला होता की सेइजीनं त्याच दिवशी उलट्या दिशेनं, खाली समुद्राकडे जावं. म्हणजे पाऊस त्याच्या मागे जाईल आणि डोंगर कोरडा राहील. मुळ्यांची काळजी करू नये, ते एक दिवस घरात घेऊ. गल्लीचा त्याग मोठा होता. सेइजीनं भाताचा वाडगा खाली ठेवला.

"जातो मी समुद्राकडे," तो म्हणाला. "आईंना झाड दिसलं म्हणजे झालं. मी तिकडे एकटा बसून मासे खाईन."

हे तो इतक्या दीनपणे म्हणाला की मांजरसुद्धा उठून दुसऱ्या खोलीत गेलं. तेवढ्यात तोमोएच्या लक्षात आलं की मोटार चालवणार कोण? तिच्याकडे सोनेरी परवाना होता. वर्षानुवर्षं एकही गुन्हा न करणाऱ्या चालकाला तो मिळतो, आणि तोमोएनं गुन्हा केला नव्हता कारण तिनं परवाना मिळाल्यापासून मोटारच चालवली नव्हती.

"मग बाबांना न्यावंच लागणार," हिनाको म्हणाली. पोरीचं डोकं तिखट. "पण बाबा सहलीला येत नाहीत. बाबा कामावर येताहेत. ड्रायव्हर म्हणून. कामावर असले की पाऊस पडत नाही, हे धरणावर सिद्ध झालंय."

"असं आभाळाला फसवता येतं होय?" तोमोए म्हणाली.

"गणवेश घातला तर येईल."

झालं. भूकंप-पुराच्या वेळी घालायला खात्यानं प्रत्येकाला एक निळा-करडा कोट आणि टोपी दिली होती. पाठीवर हातभर अक्षरांत 'पाणीपुरवठा'. सेइजीनं तो कोट पंधरा वर्षांत कपाटाबाहेर काढला नव्हता, कारण तो खिडकीवर बसणारा माणूस. त्याला नळ दुरुस्त करता येत नव्हता, नळाविषयी फक्त दिलगिरी व्यक्त करता येत होती. शिवाय नियम ठरले. बाबांनी 'वा, काय हवा आहे' म्हणायचं नाही. फोटो काढायचे नाहीत. देवळाच्या आवारात पाऊल टाकायचं नाही. झाडाकडे बघायचं नाही. चुकून दिसलं तर खूश व्हायचं नाही.

"सेइजीराव, तुम्हाला केवढा त्रास," किनुयोबाई म्हणाल्या आणि वाकल्या.

"त्रास कसला, आई," सेइजी म्हणाला. त्यानं भाताचा वाडगा पुन्हा उचलला.

गुरुवार उजाडला आणि आभाळात औषधालाही ढग नव्हता. असं ऊन नोव्हेंबरात मिनेउराला ठाऊक नाही. ओकुनो दारात उभे राहून कोट घातलेल्या सेइजीकडे डोळ्यांत पाणी आणून बघत होते. "पंचवीस वर्षं आधी सुचायला हवं होतं हे," ते म्हणाले. गल्लीत गाद्या बाहेर आल्या. आपल्याशिवाय जग किती सुखात असतं, हे इतक्या स्वच्छ उजेडात फार थोड्या माणसांना बघायला मिळतं.

मोटार घाटात शिरली. मागे तिघी 'आहा', 'अगं बाई', 'ते बघ' करत होत्या. सेइजी रस्त्याच्या मधल्या पांढऱ्या रेषेकडे बघत होता. एका वळणावर पूर्ण डोंगर पेटल्यासारखा लाल झाला, तेव्हा त्याच्या तोंडून "वा" निसटलंच. "बाबा!" हिनाको ओरडली. त्यानं ताबडतोब, "वा-हतूक फार आहे," असं वाक्य पुरं केलं. सगळ्यांनी आभाळाकडे पाहिलं. काही झालं नाही.

देवळापाशी ही गर्दी! त्यानं तिघींना फाटकाशी उतरवलं. किनुयोबाईंनी खिडकीतून एक पुडी आत दिली. "भाताचे गोळे आहेत, सेइजीराव. कामावरचं जेवण म्हणून खा." मग काठी टेकत मुलीच्या हाताला धरून त्या आत गेल्या. सेइजीनं मोटार कडेला लावली आणि गोळा खाल्ला. मीठ बरोबर होतं. भिंतीवरून झाडाचा शेंडा दिसत होता, लालभडक. म्हणून त्यानं टोपी डोळ्यांवर ओढली.

कुणीतरी काच वाजवली. बाहेर एक बाई एप्रन घालून धापा टाकत उभी होती. देवळाच्या पुजाऱ्याची बायको.

"आलात एकदाचे! सकाळपासून फोन करतेय मी!"

"कुणाला?"

"तुम्हाला! पाणीपुरवठ्याला! बायकांच्या संडासाला पाणी नाही हो. आणि रांग बघा, पार घंटेपर्यंत गेलीय."

सेइजी मोटारीतून उतरला आणि दोनदा वाकला. "माफ करा. मी मिनेउराच्या पाणीपुरवठ्याचा. हा तालुका वेगळा. तुमचा अर्ज तुमच्या—"

"पाण्याला तालुका असतो का हो?" बाई म्हणाल्या. रांगेतल्या दहा-पंधरा आजीबाईंनी सेइजीच्या पाठीवरची अक्षरं वाचली आणि सगळ्या एकदम त्याच्याकडे बघायला लागल्या. त्या बघण्यात आशा होती. पंचवीस वर्षांत सेइजीकडे कुणी आशेनं बघितलं नव्हतं. त्यानं मोह आवरायला हवा होता, पण तोही माणूसच.

मी कारकून आहे, असं त्यानं सांगितलं खरं. पण ते बाईंच्या मागे चालता चालता सांगितलं. संडासामागे झुडपांत, जमिनीत दोन लोखंडी झाकणं होती, शेजारी शेजारी, अक्षरं झिजलेली. सेइजीला एवढंच माहीत होतं की खिडकीवर बसून आपण रोज लोकांना फोनवर सांगतो, 'मीटरजवळची चावी डावीकडे फिरवून बघा, बाई.' या सल्ल्यानं कुणाचं भलं झाल्याचं त्याच्या ऐकिवात नव्हतं, पण वाईट झाल्याचंही नव्हतं. त्यानं मोठं झाकण उचललं, कारण रांग मोठी होती. चावी धरली आणि डावीकडे फिरवली. हलेना. मग सगळा जोर लावला.

लाकडी देवळांना आगीची भीती. म्हणून आवारात ठिकठिकाणी झुडपांत पाण्याच्या तोफा दडवलेल्या असतात, छपरापर्यंत पोचतील अशा. वर्षातून एकदा सराव म्हणून त्या उडवतात. तेव्हा आधी पोरांना लांब नेतात आणि खिडक्या लावून घेतात. आज तसं कुणी केलं नव्हतं.

आधी जमिनीतून गुरगुर ऐकू आली. मग भिंतीपलीकडे पाण्याचा एक खांब उठला, छपराच्या वर गेला, वाकला आणि मेपलवर कोसळला. निळ्याभोर आभाळातून धो धो पाऊस. लोक किंचाळत सुटले. तिपाया लावून बसलेले फोटोवाले आडवे झाले. वर इंद्रधनुष्यसुद्धा उमटलं आणि एका म्हाताऱ्यानं टाळ्या वाजवल्या. सेइजी चावी उजवीकडे फिरवत होता, पण उजवीकडे ती कोणाच्या बापाचं ऐकत नव्हती. शेवटी पुजारी अनवाणी धावत आला, त्यानं त्याला बाजूला ढकललं आणि ती बंद केली.

सेइजी फाटकातून आत गेला. आता नियम राहिलेच कुठे होते?

झाड उघडं होतं. काळ्या ओल्या फांद्या, टोकाला चुकार दोन-चार पानं. बाकी सगळी खाली खडीत, चिखलात, लोकांच्या टोप्यांवर, छत्र्यांवर. छत्र्या होत्याच बऱ्याच जणांकडे. लोक त्या भागातले होते. झाडाखाली त्याच्या घरची तीन माणसं नखशिखांत भिजून उभी होती. हिनाको म्हणाली, "बाबा, म्हणजे तुम्ही आता ढगसुद्धा वापरत नाही?"

सेइजी सासूबाईंपुढे कमरेतून वाकला आणि वाकलेलाच राहिला. आजूबाजूचं सगळं आवार बघत होतं.

किनुयोबाईंच्या टोपीच्या काठावरून पाणी ठिबकत होतं. सवयीनं त्याही वाकल्या. "काही हरकत नाही, सेइजीराव," त्या त्याच मऊ आवाजात म्हणाल्या. "तुम्हाला उगाच त्रास झाला. झाडाचं काय एवढं, पुढच्या वर्षी पुन्हा..."

आणि त्या थांबल्या. त्यांनी वर फांद्यांकडे पाहिलं.

मग त्यांनी हातातली ओली पिशवी उचलली आणि सेइजीच्या पाठीत, बरोबर त्या अक्षरांवर, हाणली.

"पुढच्या वर्षी कुठले डोळे आणू रे मी, बाजारातून? मेल्या, एक झाड! सगळ्या जगात एक झाड बघायला आले होते मी! आत्ताशी कुठं नजर ठरत होती! मोटारीत बस म्हटलं होतं ना? बसवलं नाही तुला? घरी नळाचा वायसर बदलता येत नाही, आणि निघाला लोकांचं देऊळ धुवायला!"

"अगं आई!" तोमोए घाबरली. "ते सेइजी आहेत! लोक बघताहेत!"

"बघू दे! आमच्याच घरचं गाढव आहे, आम्ही नाही बडवायचं तर काय परक्यांनी बडवायचं?"

आणि आणखी दोन हाणल्या. त्या मारता मारता रडत होत्या. ज्यासाठी सेइजी इतकी वर्षं झुरला होता ते त्याच्या पाठीवर पडत होतं. पण त्या बाईंना हवं होतं ते सगळं चिखलात पडलं होतं, आणि ते त्यानंच पाडलं होतं. त्याला फार आनंद झाला आणि त्या आनंदाची त्याला इतकी शरम वाटली की तो वर बघू शकेना.

"वाकून काय राहिलास?" किनुयोबाई म्हणाल्या. "वेच."

सेइजी गुडघ्यांवर बसला. खडीतून त्यानं एक पान काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी ते डोळ्यांना भिडेल इतकं जवळ नेलं, उन्हाकडे धरलं, आणि बराच वेळ बघितलं.

"फाटकं आहे हे. दुसरं आण."

त्यानं दुसरं आणलं.

"हे पिवळं आहे. लाल म्हटलं ना मी? असा आंधळ्यासारखा काय शोधतोस?"

"हो, आई."

त्यानं एक शोधून काढलं, पंजासारखं, पाचही बोटं शाबूत असलेलं, लालबुंद.

"हं," किनुयोबाई म्हणाल्या. "पण पुसून दे. टपकतंय."

सेइजी पुसायला लागला. कोटाची बाही ओली होती, टोपी ओली होती, खिशातला रुमाल ओला होता. त्याच्याजवळ कोरडं असं काहीच उरलं नव्हतं.